आमच्याच पोस्टल कोडचा माणूस

सिंगापुरात प्रत्येक इमारतीला तिचा स्वतःचा पोस्टल कोड असतो. टॅक्सीवाल्याला तेवढे सहा आकडे सांगितले की तो बरोबर दारात आणून सोडतो. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी ऑफिसच्या स्क्रीनवर मला आधी दिसला तो कोड. नाव मी नंतर वाचलं.

चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत मी नोकरी करत होते. आमचं काम नावं जुळवण्याचं. एखाद्या सरकारने परदेशातल्या लाचखोर मंत्र्यांवर, अधिकाऱ्यांवर निर्बंध घातले की त्यांची यादी निघते. ती आमच्या सिस्टिममध्ये चढते आणि बँकेच्या एखाद्या ग्राहकाचं नाव तसंच असेल तर अलर्ट येतो. बहुतेक वेळा नुसतं नाव सारखं असतं, माणूस वेगळाच निघतो. जन्मतारीख पाहायची, देश पाहायचा, 'हा तो नव्हे' असं लिहून पुढे जायचं. इतक्या वर्षांत यादीतला खरा माणूस माझ्या वाट्याला एकदाही आला नव्हता.

त्या दिवशी जन्मतारीख जुळली. पासपोर्ट जुळला. आणि पत्ता सिमेई भागातल्या आमच्याच कॉन्डो सोसायटीचा, आमच्याच ब्लॉकचा. मजला सातवा. आम्ही सहाव्यावर राहायचो.

नावावरून मला काहीच कळलं नसतं, कारण त्यांचं नाव मला माहीतच नव्हतं; ओळखलं ते पासपोर्टवरच्या फोटोवरून. आम्ही सगळे त्यांना 'डॉक्टर अंकल' म्हणायचो. ते पूर्वी डॉक्टर होते आणि त्यांच्या देशात 'सरकारी कामात' होते, एवढंच ठाऊक. माझे सासरे, म्हणजे बाबा, साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात स्विमिंग पूलपाशी त्यांची शुगर एकदम उतरली. घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. वॉचमन घाबरून उभाच राहिला. डॉक्टर अंकलनी पोहता पोहता पाहिलं, ओल्या अंगाने धावत आले, तिथल्या कुणाच्या तरी हातातलं मायलोचं, म्हणजे गोड चॉकलेटी दुधाचं, पाकीट घेऊन त्यांना घोट घोट पाजलं आणि ते नीट बोलायला लागेपर्यंत हात धरून बसून राहिले. तेव्हापासून दोघांची मैत्री. बाबांचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण बाबा आयुष्यभर सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट होते. औषधांची नावं दोघांना सारखीच कळायची.

मी यादीसोबतचा मजकूर उघडला. आरोग्यमंत्री असताना लाच घेऊन सरकारी रुग्णालयांच्या औषधांची कंत्राटं दिली, असा आरोप होता. खाली आणखी एक ओळ होती. मुलांच्या वॉर्डात पोचलेल्या इंजेक्शनांत औषधाचा अंशही नव्हता. ती ओळ मी तीनदा वाचली. 

मी उठून माझ्या मॅनेजरकडे गेले. ती इथलीच, चिनी वंशाची, कामात अतिशय कडक. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ही केस तू बघायची नाहीस. आत्तापासून माझ्याकडे," ती म्हणाली. "आणि कुणालाही सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. कळलं ना?"

"माझे सासरे रोज त्यांच्याबरोबर असतात."

"त्यांनाही नाही."

संध्याकाळी घरी आले, दार उघडलं, तर डॉक्टर अंकल आमच्याच सोफ्यावर चहा पीत बसलेले. बाबा कौतुकाने त्यांना चकली घे म्हणत होते. मी दारातच थांबले. चपला काढायचंही सुचेना.

"बरं नाही का तुला?" डॉक्टरांनी विचारलं. ते उठले, माझं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहत नाडी मोजायला लागले. त्यांची बोटं उबदार होती. "फार जोरात चाललीय. पाणी पी, आणि जरा पडून राहा."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. ते गेल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर आले नाही.

गुरुवारी वर्तमानपत्रात बातमी आली, फोटोसकट. बाबांनी पेपर टेबलावर पसरून माझ्यासमोर ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. सांगायची परवानगी नव्हती, बाबा."

ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि बातमीतली इंजेक्शनांची ओळ बोट ठेवून परत वाचली. मग पेपर घेऊन ते सरळ जिन्याने वर निघाले. मी मागोमाग धावले.

डॉक्टर अंकलनीच दार उघडलं. हसायचा प्रयत्न केला. "सगळं राजकारण आहे, माय फ्रेंड. माझ्या विरोधकांनी केलंय हे."

बाबांनी त्यांच्या इंग्रजीत विचारलं, "मी तीस वर्षं औषधं दिली. मला फक्त एक सांग. त्या बाटलीत औषध होतं की नव्हतं?"

 आत कुठेतरी टीव्ही चालू होता.

"टेबलावर कागद यायचे," डॉक्टर म्हणाले. "मी सही करायचो."

"बाटली उघडून पाहिली नाहीस? तू डॉक्टर होतास."

 दार लावताना डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "आजची गोळी घेतलीस का?" अगदी रोजच्यासारखं, काळजीने. 

खाली उतरताना बाबा मधल्याच पायरीवर बसले. मला वाटलं, पुन्हा शुगर उतरली. पण ते रडत होते. "आमच्याकडे औषध संपलं की मी खिडकीतून 'नाही' म्हणायचो, तर लोक शिव्या द्यायचे," ते म्हणाले. "पण नाही ते नाहीच म्हणायचो गं."

महिन्याभरात सातव्या मजल्यावरचं कुटुंब निघून गेलं. कुठे गेलं ते कुणाला कळलं नाही. डॉक्टरांच्या वकिलाने सगळे आरोप फेटाळल्याचं पुढे एकदा वाचलं. खटला उभा राहिला का, ते मला आजही माहीत नाही. माझी मुलगी अधूनमधून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, "डॉक्टर अंकल गो व्हेअर, आह?" आणि आम्ही विषय बदलायचो.

बाबा ठरल्यापेक्षा लवकर साताऱ्याला परतले. विमानतळावर रांगेत उभं असताना त्यांनी अचानक विचारलं, "तुमच्या त्या यादीत माणसाने केलेलं चांगलंही लिहितात का गं?"

"नाही, बाबा."

त्यांनी थोडा विचार केला. "लिहूच नये," ते म्हणाले. "त्याने मला वाचवलं, ते मी विसरणार नाही. पण ते माझ्याजवळ राहू दे." आणि बोर्डिंग पास शोधायला ते खिसे चाचपू लागले.