मीटरचा अब्जावा भाग

जुन्या जालन्यात नॅनोविज्ञान आणलं ते विद्यापीठानं नव्हे, आमच्या समोरच्या कापडवाल्या काकांनी. स्वतः दहावीला दोनदा बसलेले. पण लेक वैशू नॅनोविज्ञानात एम.एस्सी. करायला संभाजीनगरला गेली आणि रविवारी तिनं फोनवर सांगितलेलं काका सोमवारी गिऱ्हाइकांना शिकवू लागले. ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बाईसमोर ते कापड पसरायचे. "हा एक मीटर. आता ह्याचे शंभर कोटी तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हंजे नॅनोमीटर!" बाई घाबरून म्हणायची, "तुकडे नका करू हो काका. मला आपले ऐंशी सेंटीमीटर द्या." काकांचे थोरले भाऊ कुरकुरायचे, "जे दिसतच न्हाई ते शिकून पोरगी करणार काय? बी.एड. कर म्हण तिला." यावर काका मीटरपट्टी उगारून यादीच म्हणत, "औषधं, बॅटऱ्या, रंग, बियाण्याचा लेप... नोकऱ्या सगळीकडं हायेत, दादा!"

दिवाळीच्या सुट्टीत वैशूनं प्रयोगशाळेत लेप दिलेला पांढऱ्या कापडाचा तुकडा आणला. त्यावर चहा ओतला की थेंब मोत्यांसारखे गडगडत खाली यायचे. काकांनी दोन दिवसांत किटलीभर चहा असा वाया घालवला. तिसऱ्या दिवशी परतूरचे पाहुणे लग्नाचा बस्ता बांधायला आले. "बघा आता!" म्हणत काकांनी अख्खा कप उपडा केला, तो नेमका नवरदेवासाठी काढलेल्या पांढऱ्या शर्टपीसवर. चहा निवांत मुरला. काका डागाकडं गंभीरपणे बघत म्हणाले, "हे जुनं विज्ञान हाय." पाहुणे इतके हसले, की बस्ता तिथंच बांधला.

पुढं वैशूला नोकरी लागली, कोइमतूरच्या एका कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत. काकांनी थोरल्या भावाच्या तोंडात पेढा कोंबला, गल्लीभर पेढे वाटले आणि घरी येऊन नकाशात कोइमतूर शोधत बसले. नोकऱ्या सगळीकडं होत्या, फक्त जालन्यात नव्हत्या, हे त्यांच्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. वैशूनं हळूच विचारलं, "बाबा, जाऊ ना?"

"जा की. इथं काय चहा ओतत बसतीस?" ते म्हणाले, पण नकाशावरचं बोट काही उचललं नाही.

आता ती दुपारी प्रयोगशाळेच्या दारातून व्हिडिओ कॉल करते, टोपी आणि मास्क घालूनच. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून काका फोन घेतात. एकदा मी म्हणालो, "काका, तिचे नुसते डोळेच तर दिसतात."

"तेवढे पुरतात," ते म्हणाले. "जेवली का न्हाई, बराबर कळतं मला."