मुशीच्या बरणीतला लडाखी दगड

आई करंज्याहून आमच्याकडे पनवेलला राहायला आली, की आमच्या बाल्कनीवर आमचा हक्क राहत नाही. तिथे मासे वाळतात, मासे खारतात, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी खिडकी लावून घेताना मुद्दाम आवाज करतात. आईला त्याचं काही नाही. कोळ्याच्या घरात वास यायचाच, असं म्हणून ती विषय मिटवते. या खेपेला तिने मुशी खारवायला घातली होती. मोठ्या बरणीत मिठाचा थर, त्यावर मुशीच्या तुकड्यांचा थर, पुन्हा मीठ, सगळ्यात वर लाकडी फळी आणि फळीवर वजनाला दगड. काही दिवसांत माशाला पाणी सुटतं आणि सगळं त्या खारात बुडून राहतं. दगडासकट.

तो दगड माझा होता.

मी इथल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर पीएच.डी. करायचा खुळेपणा अंगावर घेतला आहे. विषय लडाखचं ग्रॅनाइट. भारत आशियाला भिडण्याआधी दोघांच्या मध्ये एक समुद्र होता. त्याचा तळ हळूहळू आशियाच्या कडेखाली सरकत गेला. आम्ही त्याला सबडक्शन म्हणतो. तो ओला तळ खोल गेला, तापला, त्यातलं पाणी सुटून वरच्या खडकात शिरलं आणि त्या पाण्यामुळेच तो खडक वितळू लागला. कोरडा असता, तर तेवढ्या उष्णतेला त्याने दाद दिली नसती. तो रस वर चढला, जमिनीच्या पोटातच थंड झाला आणि पुढे पर्वत उचलले गेले तेव्हा उघडा पडला. समुद्र नाहीसा झाला, पण त्याच्या पाण्याने घडवलेला दगड राहिला. हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी सांगताना माझा आवाज थोडा बदलतो.

माझ्या दगडात मुठीएवढा एक काळा डाग होता. खोलातून आलेला काळा रस पांढऱ्या रसात पुरता मिसळायच्या आतच गोठला, तो हा डाग. बुडालेल्या समुद्राचा माग काढायचा तर इतकी चांगली जागा मला दुसरी मिळाली नव्हती. रस्ता रुंद करताना नुकत्याच कापलेल्या कड्यातून मी तो आणला होता. पुढच्या वर्षी तिथे संरक्षक भिंत उभी राहिली. म्हणजे पुन्हा जायची सोय झाली, तरी दिसणार भिंतच. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या एका दगडावर होतं.

आईने तो का उचलला, हे विचारायची गरज नव्हती. करंज्याला आमच्या घरी खारवणाच्या बरणीवरचा दगड पारखून घेतात. आपला इकडचा काळा दगड बऱ्याचदा भोकाभोकांचा असतो. भोकांत जुना खार राहतो आणि पुढची मुशी कुबट होते. माझ्या टेबलाखाली तिला एक सपाट, जड, बिनभोकाचा दगड सापडला. तिच्या हिशेबाने मी तो तिच्यासाठीच आणून ठेवला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बरंच बोलले. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचं मातेरं केलंस, असंही म्हणाले. ती फळीवरून दगड उचलून, नळाखाली धरून, पदराने पुसत उभी राहिली.

"मना काय ठाव, बाय," ती म्हणाली. "दगुडच तो."

मग मलाच हसू यायला लागलं, रडण्याच्या आधी येतं तसलं. ज्या दगडात मी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या खुणा शोधणार होते, त्यात आता करंज्याच्या मिठागराचं मीठ मुरलं होतं. तपासणीत जे निघेल ते कोणत्या समुद्राचं म्हणायचं?

एकच आशा होती. बिनभोकाच्या दगडात खार फार आत जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मी ओट्यांचं ग्रॅनाइट कापणाऱ्याकडे तो नेला आणि बाहेरच्या जाड चकत्या काढून घेतल्या. त्याने विचारलं, एवढ्याशा तुकड्याचा ओटा कसा करणार? चकत्या आणि उरलेला गाभा घेऊन मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले. आई न सांगता रिक्षात येऊन बसली होती.

चकत्यांचे बारीक खडे शुद्ध पाण्यात भिजवले, ते पाणी परीक्षानळीत घेतलं आणि वर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. मीठ असलं की पाणी दुधाळ होतं. ते लगेच दुधाळ झालं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही. मग गाभ्याचे खडे तसेच भिजवले. ते पाणी दुसऱ्या नळीत घेतलं. थेंब पडला आणि पाण्यात विरून गेला. मी नळी उजेडाला धरली. पाणी नितळ होतं. आणखी थोडा वेळ थांबले, तरी नितळच. माझा जीव भांड्यात पडला आणि मी नळी आईच्या हातात दिली.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून प्रबळगड दिसतो. थरावर थर बसलेला काळा दगड. भूखंड फाटत होता तेव्हा इथे लाव्हा वाहिला, आणि पनवेलपासून पश्चिमेला हेच थर समुद्राकडे झुकलेले आहेत. साधारण त्याच काळात, याच भूखंडाच्या पुढे, उत्तरेला तो दुसरा समुद्र खाली जात होता. एका काठावर जमीन फाटते आहे, दुसरीकडे समुद्र गिळला जातो आहे, आणि बघायला कोणी नाही. मला हे पाठ आहे. तरी त्या दुपारी त्या काळ्या डोंगराकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला.

काही आठवड्यांनी गाभ्याचा एक तुकडा घासून घासून इतका पातळ करून आला, की त्यातून उजेड आरपार जात होता. आईला मी सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर हॉर्नब्लेंडचे हिरवे स्फटिक होते, उजेडात फिरवले की रंग बदलणारे. या खनिजाच्या घडणीतच पाण्याचा अंश अडकलेला असतो, त्या समुद्राने खाली नेलेल्या पाण्याचा, असं मी तिला सांगितलं. तिने एक डोळा मिटला, दुसरा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आनि तो दर्या कुठं गेला?"

"जमिनीखाली गेला."

"सगला?"

"जवळजवळ सगळाच."

तिचं सगळं आयुष्य समुद्राच्या काठी गेलं. समुद्रात माणसं बुडतात, होड्या बुडतात, हे तिला कोणी सांगायला नको. पण तिने भिंगावरून डोळा काढला नाही, आणि अगदी हळू आवाजात, जणू समुद्राला ऐकू जाईल म्हणून, मला विचारलं,

"दर्या पन बुरतो?"

मी हो म्हटलं. इतकी वर्षं मी हेच लिहीत होते आणि मला त्याची भीती कधी वाटली नव्हती. आईने माझा हात चाचपून घट्ट धरला. दुसऱ्या हाताने मी काचेखालची तबकडी हळूच फिरवली, तसा तो हिरवा स्फटिक तिच्या डोळ्यासमोर तपकिरी होत गेला.

"थांबू नको," ती म्हणाली. "फिरव."