अर्धी खुडलेली पट्टी

गंगूवहिनी, नाणेघाटाच्या तोंडापर्यंत तुम्ही सगळे आम्हाला पोचवायला आला होता. माझ्या कडेवर थोरली, डोक्यावर बोचकं, आणि आमचे हे चार पावलं पुढे, जणू रेल यांच्यावाचून अडली होती. आई रडत होती. आबा रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "रेलीच्या नोकरीत पगार असतो गं, पण बोटभर माती नसते. भाजीसुद्धा विकत खाशील." ते मला झोंबलं. कुणब्याची लेक मी, मी भाजी विकत खाणार?

हे मी बोलते आहे आणि आमचे हे लिहीत आहेत. चार पावलांचं लिहायला का-कू करत होते. म्हटलं, लिहा मुकाट्यानं.

कल्याणला हे सांधेवाले झाले, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घालायची ते पाहायचं. खोली टेशनामागे. वाळत घातलेलं लुगडं इंजिनाच्या धुरानं काळं होई. भात होता, मासळी होती, पण थंडी पडली की माझा जीव हरभऱ्याच्या पाल्यावर जाई. आपल्या काळ्या मातीतला तो पाला! कोवळे शेंडे खुडायचे, धुवायचे नाहीत, नाहीतर आंबटपणा जातो. लसणाच्या फोडणीत टाकायचे, सोबत बाजरीची भाकरी. उरलेला पाला वाळवून पावसाळ्यासाठी मडक्यात भरायचा. इथे आमच्या आळीत हरभरा म्हणजे टांग्याच्या घोड्याची चंदी. पाला माणसं खातात म्हटल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

तिसऱ्या वर्षी रुळापलीकडच्या पदूपाटलांकडे गेले. पिढीजात आगरी शेतकरी, जिभेनं तिखट. भात कापल्यावर ते खाचरात वाल पेरायचे आणि कडेची एक पट्टी रिकामी ठेवायचे. ती मी मागितली. म्हणाले, "घे. पन माझे जमिनीचा वाटोला केलास, तं पुन्हा बांधावर पाय ठेवू देनार नाय."

हरभरा वीतभर झाला. एका सकाळी खुडायला बसले. निम्मी पट्टी झाली असेल-नसेल, पाटील ओरडतच आले. "अगो बाय, येडी झालीस काय? उभ्या पिकाची मुंडी मोडलीस!"

"पाटील, शेंडा खुडला की फांद्या फुटतात, घाटे जास्त धरतात. आमच्याकडे असंच करतात."

"तुमचेकडं करा! इथं नाय. ऊठ!"

ओटीतला पाला घेऊन उठले. हे म्हणाले, "माफी माग, माणूस मोठा आहे." मी म्हटलं, चूक केली असती तर पाय धरले असते. पाल्यावरच्या आंबट आंबानं बोटं चरचरत होती. हातात आलेली माती गेली आणि आबा खरे ठरले, या विचारानं मला जेवण जाईना. त्या दिवशी मी खूप रडले वहिनी, तुला कधी कळवलं नाही.

संध्याकाळी पाटलीण, हिराबाई, समजूत घालायला आली. तिला वाटीभर भाजी दिली. दुसऱ्या दिवशी उरलेला पाला मागून नेला आणि त्यात सुका जवळा घालून भाजी करून आणली. आपल्या पाल्यात जवळा! हे आधी "शिव शिव" म्हणाले आणि मग तांदळाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. खोटं नाही सांगत, झकास झाली होती. आता आमच्याकडे दोन्ही प्रकार होतात.

फाल्गुन आला. मी पट्टीकडे फिरकले नव्हते. एक दिवस पाटील दारात उभे, दोन्ही हातांत हरभऱ्याचं एकेक झाड. एक उंच, सडसडीत, मोजक्या घाट्यांचं. दुसरं बुटकं, पसरलेलं, घाट्यांनी लगडलेलं. दोन्ही माझ्या नाकासमोर धरून रागानं म्हणाले, "उरलेली निम्मी पट्टी का नाय खुडलीस?"

"तुम्हीच हाकललंत ना!"

हे आत उगाच खोकले. पाटील असे हसले की आळी गोळा झाली.

पुढल्या साली अख्खं खाचर मिळालं. आता मार्गशीर्षात पाटलांच्या सुना माझ्या बरोबरीनं खुडायला बसतात. कोणी नवीन बाई बिचकली की पाटील बांधावरून ओरडतात, "मोड शेंडा, घाबरतेस काय? देशावरची रीत हाय ती!" मला अभिमान वाटतो, का वाटू नये? घाट उतरणाऱ्या गावच्या पोरींनाही सांग, आपली रीत लाजून झाकू नका. पहिल्यांदा लोक ओरडणारच.

वहिनी, पौषात घरी ये असा तुझा निरोप मिळाला. रागावू नकोस, पण पौषात माझं शेत अडतं. यंदा तुम्हीच घाट उतरा. आबांना सांग, लेकीनं घरी बोलावलंय.