दुसऱ्या वाचकाची सही

"अहो, तुम्हाला डोळ्यांसाठी घेतलंय. डोकं आहे आमच्याकडे." संचालक मॅडम भर बैठकीत म्हणाल्या. मग चहाचा कप खाली ठेवत, "वडील मार्केट यार्डात हमाल ना तुमचे? पोतं उचलताना विचारतात का ते, आत काय आहे म्हणून?"

सगळे हसले. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

माझा गुन्हा एवढाच, की मी वाचलं होतं. क्वांटम, कृत्रिम बुद्धिमत्ता असल्या नव्या विषयांत देशात खरं संशोधन किती होतं, याचा अहवाल आमची संस्था काढते. प्रत्येक शोधनिबंध दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि 'विषयातला' किंवा 'नाही' असा शेरा मारायचा. शेरे जुळले की मोजमाप पक्कं. पहिले वाचक पीएचडीवाले सर. दुसरी मी. पण माझ्याकडे फाईल यायची ती सरांचे शेरे आधीच भरून. दोन वर्षं मी शेजारच्या रकान्यात तेच उतरवलं. यंदा शंकेची पाल चुकचुकली. मग यांना दुसरी वाचक हवी कशाला?

सरांचा रकाना झाकला आणि वाचायला बसले. नावात 'कृत्रिम बुद्धिमत्ता', आत काय, तर टोमॅटोच्या भावांची सरासरी! असे ढीगभर. सरांनी नुसती नावं वाचली होती. तेच मी बैठकीत बोलले, आणि वर सांगितलं ते ऐकून घेतलं.

संध्याकाळी बिबवेवाडीला घरी आले. वडील, आमचे अण्णा, पाठीला तेल चोळत होते. मी त्यांना मॅडमचाच प्रश्न विचारला.

"विचारतो की! ओलं हाय का, फाटलंय का, बघूनच घेतो. पाठ माझी हाय."

या माणसावर मी हसले होते. रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी यंदाच्या अहवालाचा कागद पुढे करताना मॅडम एकदम गोड. "सही करून टाका. तुम्हाला कायम करायचंय ना आम्हाला!" कोणी गोड बोललं की मी आता आधी कागद बघते. त्यावर छापलं होतं, 'दोघांनी स्वतंत्रपणे वाचले.' खाली माझं नाव.

मी ते वाक्य खोडलं. वर पेनानं लिहिलं, 'मागच्या दोन अहवालांचे शेरे मी न वाचता उतरवले. या वेळी वाचलं. जुळत नाही.' सही केली ती त्याच्याखाली.

नोकरी जाईल, बहुतेक. जाऊ दे. माझं नाव हवं असेल तर निबंध उघडा, माझ्यासमोर, पहिल्या पानापासून. उतरवून घ्यायला माझा हात पुन्हा मिळणार नाही.