भांडी रिकामी करून परत करावीत

माझं अक्षर चांगलं आहे, आणि त्यानं मला आयुष्यभर गोत्यात आणलं आहे. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. नोटीस लिहायची वेळ आली की सगळ्यांच्या माना माझ्या टेबलाकडे वळायच्या. 'येथे थुंकू नये', 'रांगेत उभे राहावे', 'विनाकारण गर्दी करू नये'. यांपैकी एकही सूचना कुणी पाळल्याचं मला आठवत नाही. थुंकणारे तर नेमके नोटिशीखालचाच कोपरा धरायचे. सबंध हयातीत माझी एकच नोटीस लोकांनी शब्दशः पाळली, आणि तिनं आमच्या गल्लीतलं एक चांगलं काम जवळजवळ बुडवलं. तेच सांगायला बसलो आहे.

काम मावशींचं. वयानं त्या माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, पण सगळी गल्ली मावशी म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्या मला साहेब म्हणतात. मूळच्या लासूर स्टेशनकडच्या, शेतकरी घरातल्या. नवरा वाळूजला कंपनीत होता, तो आजारपणात गेला. त्यानंतर सिडकोत आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्यांनी कामगारांसाठी पोळीभाजीचे डबे सुरू केले. त्यावरच मुलीचं शिक्षण केलं, लग्न करून दिलं. त्यांच्या पोळीला नाव ठेवायला मी पुष्कळ दिवस जागा शोधली. सापडली नाही.

डब्यांसाठी म्हणून त्यांनी कासारी बाजारातून मोठी भगुनी, पराती, झारे असं सामान आणलं होतं. दुपारनंतर ते नुसतं पालथं पडून असायचं. गल्लीत कुणाकडे बारसं निघालं, वर्षश्राद्ध निघालं, की लोक मंडपवाल्याकडे भांडी आणायला धावायचे. मावशी त्यांना दारातच अडवायच्या. "माझी न्या की. तशी बी पडूनच हायेत." भाडं किती, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "भाडं नको. फक्त रिकामं आणू नका."

आता यात नवं काय होतं? शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. माझी आई तर घरात दुसरं काही नसलं, तर आलेल्या वाटीत चिमूटभर साखर टाकून वाटी परत पाठवायची. फूल ना फुलाची पाकळी. मावशींनी एवढंच केलं, की दाराशी दोन पत्र्याची पिंपं ठेवली, एक तांदळाला, एक डाळीला. भगुन्यातून जे मूठ-पसा येईल ते त्यात. पिंपात पुरेसं साठलं की त्याची खिचडी करायची आणि मोठ्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर नेऊन वाढायची. पेशंटला आत जेवण मिळतं. पण सोबत सोयगावाकडून, कुठून कुठून आलेली माणसं बाहेर चादर अंथरून आठ-आठ दिवस बसलेली असतात. त्यांनी काय खाल्लं, हे कुणी विचारत नाही.

मी तेव्हा हसलो होतो. मुठीमुठीनं कुठं अन्नछत्र चालतं का, म्हणालो. आमच्या सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "थेंबे थेंबे तळे साचे, असं कचेरीच्या फळ्यावर तुम्हीच लिहिलं होतंत ना?" मी विषय बदलला.

तळं साचलंच. सुरुवातीला फक्त गुरुवारी जाणारी खिचडी आठवड्यातून तीनदा जायला लागली, मग रोज. शेजारच्या गल्ल्या भांडी मागायला लागल्या. लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाची भांडी आणून द्यायला लागले. माझ्या आईचं नाव घातलेलं भगुनं मीही दिलं, म्हणजे बायकोनं द्यायला लावलं. मावशींच्या पुढच्या खोलीत फडताळं लागली. शहागंजातला एक रिक्षावाला रोज साडेअकराला येऊन खिचडीचं भगुनं घेऊन जायला लागला. आणि या सगळ्याला ना समिती होती, ना पावतीपुस्तक, ना बॅनर. मला, खरं सांगायचं तर, हे खुपायचं. एवढं मोठं काम, आणि त्याला एक साधी फाईल नाही!

मी निवृत्त झालो त्याच वर्षी मावशींच्या मुलीचं बाळंतपण आलं. तिचं सासरही लासूरचंच, पण तिथं बाई माणूस नाही, म्हणून मावशी सव्वा महिन्यासाठी लासूरला गेल्या. डबे बंद ठेवले, पण खिचडी आणि भांडी आमच्या हिच्यावर सोपवली. ही आणि आणखी दोघी जणी मिळून रोज खिचडी शिजवायच्या. भांड्यांच्या खोलीची किल्ली मात्र मी ताब्यात घेतली. "आयत्या बिळात नागोबा," ही म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी एक भगुनं नीट न पुसताच त्यात तांदूळ घालून आणून ठेवलं. दोन दिवसांनी उघडलं तर आत बुरशी. दुसऱ्या एका भगुन्यात खिरीचा चिकटा तसाच, आणि त्यावर मुंग्यांची रांग. माझ्यातला कारकून जागा झाला. पांढरा कार्डशीट आणला, निळ्या शाईनं वळणदार अक्षरात लिहिलं: 'भांडी स्वच्छ धुऊन, पुसून व पूर्ण रिकामी करून परत करावीत.' खाली सवयीनं 'आदेशावरून' असंही लिहिलं. कुणाच्या आदेशावरून, ते मलाही ठाऊक नव्हतं. नोटीस दारावर डकवली आणि दोन पावलं मागं जाऊन समाधानानं पाहिली.

लोकांनी ती पाळली. भांडी लखलखीत होऊन यायला लागली. मी फडताळासमोर उभा राहून स्वतःवर खूश व्हायचो. लोक आजवर मूठभर घालत होते ते मावशींच्या शब्दाखातर, आणि आता लेखी हुकूम निघाला म्हणजे मावशींनीच ते बंद केलं असणार, असं त्यांनी धरलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दोनेक आठवड्यांनी ही म्हणाली, "पिंप वाजतंय."

मला कळेना. तिनं मला हाताला धरून नेलं आणि बोटाच्या पेरानं तांदळाच्या पिंपावर टकटक केलं. वरपासून तळापर्यंत नुसता आवाज. तरी मी म्हणालो, बघू. कचेरीत ही सवय लागते. दुसऱ्या दिवशी खिचडी झाली नाही. साडेअकराला रिक्षावाला नेहमीसारखा आला.

"काका, पतेला किधर है?"

"आज नाही," मी म्हणालो.

त्यानं रिक्षा बंद केली. "वहां लोगां बैठे रहते ना काका. मैं जाके क्या बोलूं उनकू?"

तो रिकामी रिक्षा घेऊन गेला. खिचडी रोज जायला लागल्यापासून भगुनं न गेल्याचा तो पहिला दिवस. माझ्या नोटिशीपायी तिकडं माणसं उपाशी बसली असतील, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. संध्याकाळी मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, तांदळाचं पोतं आणि डाळ आणली. दुसऱ्या दिवसापासून खिचडी सुरू झाली, आणि मी निर्लज्जासारखा समजलो की प्रश्न मिटला.

मावशी परत आल्या. पिशवी खाली न ठेवता दारासमोर उभ्या राहून त्यांनी नोटीस वाचली. आत पोतं पाहिलं. मी बोलणी खायच्या तयारीत होतो.

"अक्षर लई चांगलं हाय, साहेब," त्या म्हणाल्या.

मग पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, बसा. मी बसलो.

"आमचे हे दवाखान्यात होते तवाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "पोरगी लहान, माज्या हातात काय नाय. शेजारच्या खाटेवर एका बाईचा भाऊ होता. ती रोज तिच्या डब्यातली अर्धी खिचडी मला द्यायची. डबाच हातात द्यायची. म्हणायची, खा अन् दे. असं नऊ दिवस. दहाव्या दिवशी हे गेले. गडबडीत तिचा डबा माज्याकडंच राह्यला. मी नळावर गेले, धुतला, पदरानं पुसला, अन् तिच्या हातात दिला. रिकामा. चिमूटभर साखर कुठनं आणू तवा? तिनं घेतला तवा तिला हलका लागला असंल, साहेब. नाव बी नाय विचारलं मी तिचं. ते मला अजून सलतंय."

धुतला, पुसला, रिकामा दिला. हेच तीन शब्द मी निळ्या शाईनं त्यांच्या दारावर लावले होते. मी उठलो, नोटीस काढली, तिच्या चार घड्या केल्या आणि ती खिशात घातली.

"अन् ते पोतं?" मी विचारलं.

"वापरू की. पण पोतं संपतंय. मूठ संपत नाय."

नोटीस निघाली, पण लागलेली सवय निघेना. भांडी चकचकीत आणि रिकामीच येत राहिली. मी काही बोललो की लोक म्हणायचे, "काका, तुम्हीच लिहिलंय की." पोतं अर्ध्यावर आलं. मी घरोघर जाऊन समजावून सांगायचं ठरवलं, तर ही म्हणाली, "आता आणखी भाषण नको. ज्या हातानं बिघडवलं, त्याच हातानं निस्तरा."

आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली आपापल्या फाटकाशी पाइप धरून उभी असते. पाण्याचा पुढचा दिवस मी निवडला. आईच्या नावाचं भगुनं आदल्या दिवशी नातवाच्या वाढदिवसाला आणलं होतंच. त्यात तांदूळ काठोकाठ भरला आणि ते दोन्ही हातांनी उचलून भर गल्लीतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चालत निघालो. साठीत भरलं भगुनं उचलणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सगळे बघत होते.

"काका, नोटीस कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"गिळली," मी म्हणालो.

लोक पोट धरून हसले. मलाही हसू आलं. त्या आठवड्यात परत आलेल्या पहिल्या परातीत दोन मुठी मूगडाळ होती. मग हळूहळू पिंपाचा आवाज बदलला. ही रोज येता-जाता त्याच्यावर टकटक करून मला ऐकवायची.

मागच्या उन्हाळ्यात पैठणहून तीन बायका आल्या. साड्या विणणाऱ्या. त्यांच्या गावात त्यांना असंच काही सुरू करायचं होतं. सगळं हिंडून पाहिलं, पिंपं पाहिली, आणि म्हणाल्या, "तुमचे नियम लिहून द्याल का?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. हिनंही पाहिलं. माझं पेन खिशात होतं. मी ते तिथंच राहू दिलं.

मावशींनी फडताळातून एक भगुनं काढून त्यांच्या हातात ठेवलं. "यातून सुरू करा. सवडीनं परत आणा. फक्त रिकामं आणू नका."

भगुनं महिनोन्‌महिने आलं नाही. गेलं ते गेलं, असं मी मनात धरून चाललो होतो. बोललो मात्र नाही, तेवढं शहाणपण आता आलं आहे. गेल्या आठवड्यात त्यांतली एक जण एसटीनं आली. भगुन्यात काठापर्यंत मोसंबी होती, वरून फडकं बांधलेलं. त्यांच्याकडेही आता दोन पिंपं आहेत, म्हणाली.

मावशींनी भगुनं दोन्ही हातांत घेतलं. लगेच खाली ठेवलं नाही. तसंच धरून उभ्या राहिल्या, हात जरा वर-खाली करत.

"जड हाय," त्या म्हणाल्या.

मी घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिलं नाही.