तूच ठरव

विमानात चढताना आमचे साहेब डाव्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणत, "बस लेका, आज कॅप्टन तू. मी फक्त बाजूले बसून राहिलो. काय करायचं ते तूच ठरव." हे वाक्य संपेपर्यंत त्यांच्या हातांनी दोन-चार गोष्टी ठरवून टाकलेल्या असत. कंपनीतल्या पोरांनी त्यांचं नावच 'तूचठरव' पाडलं होतं.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. साहेब अमरावतीचे, मी अकोल्याचा आणि नोकरी नागपुरात. कॅप्टन व्हायचं तर उमेदवाराने डावीकडे बसून डाकोटा विमान चालवायचं, उजवीकडे जुना कॅप्टन बसणार आणि त्याचं समाधान झालं तरच तो कॅप्टनकीच्या कागदावर सही करणार. निर्णय उमेदवाराने घ्यायचे, पण काही वाकडं झालं तर जाब उजव्या खुर्चीने द्यायचा, असा तो अजब नियम होता. साहेबांनी त्यातून आपल्यापुरती वाट काढली होती. "निर्णय तुया, हात माये," असं ते म्हणत.

उतरायच्या वेळी मी विचारी, "साहेब, चाकं टाकू का?"

"मले कायले इचारतं? कॅप्टन कोन हाय?" असं म्हणत ते स्वतःच चाकं खाली सोडत. समोरच्या ढगाला कुठल्या बाजूने वळसा घालावा, हे मी त्यांना विचारीपर्यंत विमान वळलेलं असे. मी एकदा वैतागून म्हटलं, "मग साहेब, मी करू तरी काय?" तर म्हणाले, "तू शिकून राहिला ना बाप्पा." त्यांच्या घरून, काकूंनी दिलेला डबा कधी उघडायचा हेसुद्धा ते माझ्यावर सोपवत आणि मी हात लावला की म्हणत, "आता नोको, खाली गेल्यावर खाऊ."

या लाडात माझी सही मात्र रखडली. माझ्या बरोबरीचे कॅप्टन झाले. कंपनीत कुजबुज सुरू झाली की हा गडी जन्मभर सहवैमानिक म्हणून उजव्या खुर्चीतच बसणार. रात्री झोप लागेना.

अशात लग्नसराईत साहेबांच्या मुलीचा साखरपुडा अकोल्याला ठरला. नेमकी त्याच दिवशी कापसाच्या व्यापाऱ्यांना नागपूरहून अकोल्याला पोचवायची फेरी होती. साहेबांनी ती मागून घेतली. मुलीला घेऊन काकू आधीच अकोल्याला गेल्या होत्या. व्याही कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक, हौशी माणूस. गणवेशातला कॅप्टन व्याही आकाशातून उतरणार म्हणून ते सगळ्या भावकीला घेऊन, हार घेऊन विमानतळावर उभे होते.

अकोल्यावर आलो तर अवकाळी पाऊस पडून गेलेला. मी कमी उंचीवरून एक चक्कर मारली. निम्म्या धावपट्टीवर पाणी साचलेलं, दोन्ही अंगांना काळ्या मातीचा चिखल. चाक घसरून त्यात गेलं तर विमान तिथेच रुतणार, कदाचित उलटणार. खाली रंगीत फेटे दिसत होते. मी चाकं टाकलीच नाहीत.

"परत नागपूर," मी म्हटलं आणि विमान वर घेतलं.

साहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. नागपूर येईपर्यंत ते हात बाहेर आले नाहीत. उतरल्यावर त्यांनी माझ्या कागदावर सही केली आणि अकोल्याची रेल्वे गाठली.

दोन दिवसांनी परतले तेव्हा सोयरीक मोडली होती. भावकीसमोर शोभा झाली म्हणून व्याही बिथरले होते. "कॅप्टन कोण होतं?" त्यांनी विचारलं. "मीच," साहेब म्हणाले. "मग उतरले काहून नाही?" "ते पोरानं ठरोलं." यावर व्याही म्हणाले, "ज्याचं विमानात चालत नाही, त्याचं घरात काय चालत असंन?" आणि उठले.

हे साहेबांनीच मला सांगितलं. मी विचारलं, "साहेब, तुम्ही उतरवलं असतं?"

"उतरोलं असतं. अन् नीट उतरलंबी असतं."

"पोरीचं वाईट वाटत असेल."

"लय वाटते रे. घरी तोंड दाखवाची सोय नाही राह्यली."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू मले इचारलं कुठं?" साहेब म्हणाले आणि टोपी उचलून निघाले. बाहेर नवा उमेदवार त्यांची वाट पाहत उभा होता. त्यानंतर आम्ही दोघं एका विमानात कधी बसलो नाही.