भोंग्यावरून सगळ्यांना बोलावलं, माय राहून गेली

मंडळी, आज सकाळी वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेची सभा होती. माईक-भोंगे भाड्यानं देण्याचा धंदा माझा, म्हणून माईक आमचाच. अध्यक्ष म्हणाले, "गावागावात शिबिर पोचवायचं, परदेशातल्या डॉक्टरांना सोबत घेऊन नवं तंत्र इथं आणायचं." टाळ्या पडल्या. मी मात्र माईकच्या मशीनमध्ये मान घालून बसलो.

सत्तरच्या दशकात माझ्याकडे एक सायकल, एक बॅटरी आणि एक भोंगा होता. वाशीमजवळच्या मालेगावला मोतीबिंदूचं शिबिर लागलं, तेव्हा गावोगाव पुकारा मीच केला. आमच्या गावातही केला. माय दारात उभी राहून शेजारणीला सांगत होती, "माह्या पोराचा आवाज आहे, बाई!"

तिला कमी दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. ती पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायची. माझे तिखट कान तिचेच.

शिबिर उठल्यावर चार दिवसांनी ती डाळ निवडत होती आणि खडे तसेच राहत होते. मी हबकलो. "माय, तुले दिसत नाही? मंग शिबिराले आली काहून नाही?"

ती हसली. "तू तं लोकाइले बलावत होता, बापू. घरच्या माणसाले कोनी भोंग्यावरून बलावते काय? मले वाटलं, तू घरी येऊन सांगशीन."

पुढचं शिबिर लागायच्या आत माय गेली.

आज अध्यक्षांनी विचारलं, "काका, पुकारा कराल ना?" म्हटलं, "करतो साहेब. पण दारोदार माणूसही पाठवा."

तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला नीट दिसतं का, हे तुम्ही जवळ बसून कधी विचारलंय?